खंडेनवमीचं रिव्हॉल्वर

विनता बक्षीच्या कमरेला भरलेलं रिव्हॉल्वर असतं, असं कोणी जबलपूरच्या गोरखपुरात सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. अहो, ही डबे करणारी बाई! पहाटे उठून पोळ्यांची चळत लावायची, वरण-भात-भाजी डब्यांत भरायची आणि स्कूटरला दोन्हीकडे पिशव्या अडकवून घरोघर पोचवायची. पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरभक्कम, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला तिनं 'मेथी कैसी दी भैया?' म्हटलं की त्या टोकाचा भाजीवाला आधीच भाव उतरवून बसायचा. आणि भित्री म्हणाल तर इतकी, की ओट्यावर पाल आली तर पाल जाईपर्यंत कुकर खाली उतरायचा नाही. अशा बाईनं रिव्हॉल्वर घेतलं ते काही हौसेनं नाही. तिच्यावर वेळच तशी आली होती.

ती वेळ आणली होती तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं. त्याचं नाव आल्हाद. आईबापांनी काय पाहून हे नाव ठेवलं, देव जाणे. बहीण दीप्ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला त्याच्या घरी नांदत होती. नांदत कसली, सोसत होती. एका संध्याकाळी तिचा विनताला फोन आला. "ताई, हा मला ओढत गच्चीवर नेऊन राहिला. फोन ठेवू नको." मग चपलांचा आवाज, दाराची कडी, आणि फोन बंद. दीप्ती तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवरून पडून गेली. आल्हादनं सांगितलं, कपडे वाळत घालताना पाय घसरला. शेजाऱ्यांनी काही पाहिलं नाही. पाहिलं असेल तरी सांगायला कोण बसलंय? दीप्तीचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं एकट्या विनतानं, आणि सरकारी वकिलाची सगळी केस त्या एका वाक्यावर उभी होती.

काही महिने आत काढून आल्हाद जामिनावर सुटला. सुटल्यापासून त्याची मोटरसायकल विनताच्या मागे. पुढे कधीच नाही. नेहमी मागे, हाताच्या अंतरावर, नुसती फटफट करत. एकदा मदनमहलच्या वळणावर त्यानं चालत्या गाडीवरून तिच्या स्कूटरला लाथ घातली. ती पडली, डबे रस्ताभर घरंगळले, वरण डांबरावर. मग हा उतरला, एकेक डबा गोळा केला, झाकण रुमालानं पुसलं आणि लोकांच्या देखत तिच्या हातात दिला. "सांभाळून ताई," म्हणाला. "या रस्त्यावर माणसं मरतात." बघणारे म्हणाले, किती भला माणूस!

पोलिसांकडे गेली तर "दीदी, लिखकर दे दीजिए." दिलं लिहून. एक शिपाई दाराशी खुर्ची टाकून बसला. चांगला होता बिचारा. चार दिवस पोळी-भाजी जेवला, भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि दुसरीकडे ड्यूटी लागल्यावर खुर्ची परत करून गेला. साक्ष दिली तर हा मारणार. नाही दिली तर दीप्ती पाय घसरून मेली, असं कायमचं ठरणार. या दोन दगडांच्या मध्ये विनता बक्षी रोज सकाळी कणीक मळत होती, आणि कणकेत डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मान वळवत होती.

लायसन्स कसं मिळालं ते सांगायला बसलं तर दिवस मावळेल. वर्षाच्या वर गेलं. कोर्टाच्या तारखाही तितक्याच रेंगाळत होत्या, म्हणून जमलं. तेवढ्या काळात ती रायफल क्लबात जाऊ लागली होती. तिथं शिकवायला शरयूताई होत्या. एके काळी देशपातळीवर पिस्तूल चालवून आलेल्या, आता साठीच्या, गालात कायम लवंग, आणि जीभ लवंगेहून तिखट. त्याच तिला दुकानात घेऊन गेल्या.

दुकानातल्या पोरानं आधी एक लहानसं, चकचकीत रिव्हॉल्वर काढलं. "मैडम, ये लेडीज़ पीस है. पर्स में आ जाएगा."

"पर्समध्ये मावतं हाच त्याचा दोष आहे," शरयूताई विनताला म्हणाल्या. "चोर पहिले पर्सच ओढतो. अन् हलकं आहे म्हणून खूश होऊ नको. जितकं हलकं तितकी गोळी सुटताना हाताला लाथ जास्त."

मग त्यानं पिस्तूल दाखवलं. ते तिच्या हातात छान बसलं. विनताला वाटलं, हेच. शरयूताईंनी मान हलवली. "हे मधेच अडकलं तर सोडवायला दोन्ही हात लागतात अन् डोकं थंड लागतं. तुझा एक हात स्कूटरवर. अन् डोक्याचं तर बोलूच नको."

शेवटी घेतलं ते बत्तीस बोरचं, सहा गोळ्यांचं, काळं, जडसर रिव्हॉल्वर. दिसायला अगदी नळाच्या फिटिंगसारखं, कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. चाप ओढला की चक्री फिरते, गोळी सुटते. नाही सुटली तर पुन्हा चाप ओढायचा. विचार करायला जागाच नाही. "घाबरलेल्या माणसाला असंच हत्यार पाहिजे," शरयूताई म्हणाल्या. विनताला ते वाक्य लागलं, पण खोटं नव्हतं.

पुढचा प्रश्न ठेवायचं कुठं? साडीत काही केल्या जमेना. निऱ्यांत खोचलं तर निऱ्याच सुटायला लागल्या. तीस वर्षांची साडी सोडून विनता सैल कुर्त्यांवर आली, आत कमरेला कातडी पट्टा, पट्ट्यात म्यान. उन्हाळ्यात तिथं घामोळं उठलं, सोलवटलं, रात्री खोबरेल लावावं लागे. शेजारच्या जयावहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काय बाप्पा विनताताई, या वयात ड्रेस! कोणी भेटलं काय?"

"भेटलं ना. शिंपी," विनता म्हणाली आणि आत येऊन दार लावून घेतलं.

घरी सराव रिकाम्या रिव्हॉल्वरचा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. लोखंडी कपाटासमोर उभं राहायचं, डाव्या हातानं कुर्ता वर, उजव्यानं बाहेर, हात सरळ, चाप. पुन्हा कुर्ता वर. पोळ्या लाटून लाटून मनगटं पैलवानाची झालेली, पण चापाचं बोट तेवढं लाडावलेलं. चाप शेवटपर्यंत ओढताना ते थरथरायचं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती नुसता चाप ओढत उभी राहायची. तिचे वडील भय्यासाहेब आरामखुर्चीतून बघत बसायचे. ऐंशीचे, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, काडीसारखे. दीप्ती गेल्यापासून त्यांचं जेवण दोन घासांवर आलं होतं. पण मुलीच्या हातात रिव्हॉल्वर आलं की म्हातारा खुर्चीत ताठ व्हायचा. बक्षी घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आलं, हे गॅस सिलेंडर आणणाऱ्यालासुद्धा पाठ होतं, इतक्यांदा त्यांनी ते सांगितलेलं.

"घराण्यात किती पिढ्यांनी हत्यार धरलं पाह्य," ते म्हणायचे. "अन् ते पण पोरीनं!"

"बाबा, मी मरणाच्या भीतीनं धरून राहिली," विनता म्हणायची. "घराण्यासाठी नाही."

क्लबातल्या सरावात तिची गोळी काही केल्या मधे लागत नव्हती. सगळ्या खाली, कागदाच्या कडेला. शरयूताईंनी एकदा तिला न सांगता चक्रीत एक उडालेलं, रिकामं काडतूस घातलं. विनतानं चाप ओढला, नुसतंच टक् झालं, गोळी सुटलीच नाही, पण नळी मात्र झपकन खाली गेली.

"पाहिलं?" शरयूताई म्हणाल्या. "गोळी सुटायच्या आधी तूच डोळे मिटते अन् हात पाडते. काहून?"

विनतानं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. "त्याचं तोंड दिसते ताई. पहिल्या दिवाळसणाला मी त्याला ओवाळलंय. माझ्या हातचे चिरोटे मागून मागून खाल्ले त्यानं. अन् त्याच माणसानं माझ्या दीप्तीला... मला त्याला मारायचं आहे हो. रोज मारते मी त्याला, मनात. पण चाप ओढायच्या वेळेस हात कापते."

शरयूताईंनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "कागदाला तोंड नसते," त्या म्हणाल्या. "कागद पाह्य. अन् दुसरी गोष्ट, हे जवळ आहे ते कोणाला कळू देऊ नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला माहीत नाही तोवर तू त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तो दुसरी वाट शोधेल. घरी कोणाला माहीत आहे?"

"फक्त बाबांना."

"त्यांनापण नसतं तर बरं होतं," शरयूताई म्हणाल्या.

साक्षीची तारीख लागली दिवाळीनंतरची. तारीख कळल्यापासून मोटरसायकल रोज. आता तो हाकही मारायचा. "ताई, दिवाळीला येऊ का? चिरोटे करा." विनताचा हात कुर्त्याच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथंच गोठायचा. घरी येऊन ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. कागदावरच्या गोळ्या अजून खालीच होत्या. कमरेला जे आहे ते वेळेला आपल्याच्यानं चालणार नाही, हे एव्हाना तिला पक्कं कळून चुकलं होतं, आणि ते शरयूताईंना सांगायची सोय नव्हती, बाबांना तर नाहीच.

अशात नवरात्र आलं. बक्षींकडे घट बसतात, आणि खंडेनवमीला शस्त्रपूजा. शस्त्रं म्हणजे काय, पणजोबांची एक गंजकी तलवार. ती पाटावर मांडायची, आणि तिच्या शेजारी ज्याच्या-त्याच्या पोटाची हत्यारं. विनताची विळी, पोळपाट-लाटणं, मोठी कढई. दारात स्कूटरला झेंडूची माळ. पूजेला बसलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली की मगच उचलायची. त्या दिवशी डबेही बंद.

"विनू, यंदा तेही ठेव," भय्यासाहेब म्हणाले.

"नाही बाबा."

"अगं, घरातलं खरं हत्यार पूजेविना राहील? देवी काय म्हणेल?"

देवी काय म्हणेल याची विनताला एरवी फिकीर नव्हती. तिनं दुसऱ्यांदा 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तिला तो कागद दिसला, कडेला भोकं पडलेला. शरयूताईंनी करायचं ते केलं होतं. पोलिसांनी हात वर केले होते. हाताला बळ देणारं आता उरलं कोण? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं झालं. तिनं गोळ्या काढून कुलपात ठेवल्या, रिव्हॉल्वर पुसलं, तेलाचा हात फिरवला, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. वरून खणाचा तुकडा असा अंथरला की बघणाऱ्याला वाटावं, पोथीबिथी असेल. मग देवीपुढं पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली आणि म्हणाली, "आई, त्या वेळेला हात कापू देऊ नको. एवढंच दे. बाकी काही नको."

दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या. विनता आत सरबत गाळत होती. बाहेरून भय्यासाहेबांचा आवाज चढत गेला. भोसल्यांची फौज, पणजोबा, तलवार, सगळं यथासांग. मग कोणीतरी म्हणालं, "काका, तलवार तर गंजली तुमची." कोणीतरी हसलं.

तेवढंच निमित्त. ऐंशीच्या म्हाताऱ्याचा अभिमान तो, दोन वर्षं खाली मान घालून बसलेला. "गंजली?" भय्यासाहेब म्हणाले. "आमच्याकडची हत्यारं गंजत नसतात बाई." आणि त्यांनी खण उचलला.

विनता सरबताचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा जयावहिनी मोबाईल पाटावर धरून उभ्या होत्या. "अगं माय! विनताताई, तुम्ही तर शेरनी निघाल्या!" झेंडूची फुलं, कुंकवाचे टिळे आणि मधोमध ते काळं रिव्हॉल्वर, मागे हसणारे भय्यासाहेब, फोटो कसा झकास आला होता. विनताच्या हातातला ट्रे तिरका झाला. "वहिनी, तो फोटो मिटवा. आत्ता मिटवा." पण वहिनींनी तो कौतुकानं केव्हाच मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहून: 'घर घर दुर्गा.' मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. तेच तर दुखणं. वाईट मनात असतं तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळपर्यंत फोटो गोरखपुरातून रांझीला पोचला. आल्हादनं त्याचं काय केलं, ते दसऱ्याच्या दिवशी कळलं. सोनं वाटायच्या वेळेला पोलिसांची गाडी दारात. साहेब सभ्य होता, बूट काढून आत आला. सणासुदीत हत्यारांचे फोटो मोबाईलवर फिरवायचे नाहीत असा हुकूम निघालेला होता; शिवाय एका माणसाची लेखी तक्रार होती, की मेव्हणी आपल्याला मारायची तयारी करते आहे, पूजा घालून. "मैडम, जांच होने तक जमा करना पड़ेगा. लायसन्स भी."

"अहो, त्याच माणसापासून वाचायला घेतलं ना मी!" विनता ओरडली. मराठीत ओरडली, मग तेच हिंदीत ओरडली.

"मैं समझता हूँ," साहेब म्हणाला. समजत असेलही. पण गाडी निघाली तेव्हा रिव्हॉल्वर गाडीत होतं, नळीवर अजून कुंकू.

दार लागलं आणि विनता वडिलांकडे वळली. आयुष्यात कधी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता तिनं. "झालं समाधान? दाखवली बक्षींची शान? हात दाखवून अवलक्षण! एक पोरगी त्यानं मारली, दुसरी तुमच्या हौसेनं मेली म्हणून समजा!"

आपट्याची पानं भय्यासाहेबांच्या मुठीत होती, ती मुठीतच राहिली. त्या रात्री ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. विनतानं ताट पुढं सरकवलं, पण बोलली नाही. रागाला वाट हवी असते. तिच्या रागाला घरात दुसरं माणूसच नव्हतं.

आणि मग एक नवल झालं. मोटरसायकल यायची थांबली. विनता आरशात बघत बघत गाडी चालवायची, वळणावर श्वास धरायची, पण मागे कोणी नाही. दिवाळी आली, गेली. हाक नाही, फटफट नाही. तिला वाटलं, रिव्हॉल्वर गेलं म्हणून याचं समाधान झालं असेल. मग वाटलं, नाही, हा एकदमच यायचा आहे. रिकाम्या कमरेला हात लावून ती रात्र रात्र कूस बदलायची. भय्यासाहेब मात्र पुन्हा दोन घास जेवायला लागले होते, आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हते. ती समजली, लाजेनं.

कोर्टाच्या दिवशी ते म्हणाले, "मी येतो." ती नको म्हणाली तरी टोपी घालून रिक्षात बसलेच.

कोर्टाच्या व्हरांड्यात आल्हाद उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. तो पुढे आला, वाकून भय्यासाहेबांच्या पायांना हात लावला, आणि भय्यासाहेबांनी पाय मागे घेतले नाहीत. ते तिनं पाहिलं.

"ताई, बाबांनी सांगितलंच असेल," आल्हाद अगदी हळू, आपुलकीनं म्हणाला. "फार काही बोलायचं नाही. फोन आला होता, पण आवाज नीट ऐकू आला नाही. आठवत नाही. बस. मीपण बाबांना शब्द दिला आहे, की तुमच्या वाटेला जाणार नाही. अन् पाळला ना? इतक्या दिवसांत दिसलो का मी?"

तो बाजूला झाला. विनता वडिलांकडे बघत राहिली. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही याच्याकडे गेले होते?"

"गेलो होतो," भय्यासाहेब म्हणाले. "रांझीला गेलो. त्याच घरात. त्याच जिन्याखाली उभं राहून हात जोडले."

"बाबा, ती दीप्ती होती!"

"माहीत आहे मला ती कोण होती. मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली मी तिला." म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं, हाडं नुसती, पण पकड सुटेना. "विनू, तुझं हत्यार मी घालवलं. मीच घालवलं. मग तुला वाचवायला माझ्याजवळ काय राहिलं? हे दोन हात राहिले, ते जोडले. एक गेली. तिला आता काही होत नाही. तू राह्य. मला मेल्यावर दीप्तीनं जाब विचारला तर मी देईन. तू फक्त आठवत नाही म्हण."

आतून पुकारा झाला. विनतानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो कळवळा. खरं सांगायचं तर कठड्यापर्यंत जाताना तिनं ठरवलं होतं, आठवत नाही म्हणायचं. बापासाठी. घरी जायचं, कणीक मळायची, जगायचं. कोणी दोष दिला असता? तुम्ही-आम्ही दिला असता?

शपथ झाली. सरकारी वकिलानं विचारलं, "उस शाम आपको फ़ोन आया था? मृतका ने क्या कहा?"

विनतानं कठडा धरला. हात कापत होता, क्लबात कापायचा त्याहून जास्त. समोर आल्हाद बसला होता, गंध लावून, ऐकायला तयार. तिनं डोळे मिटले नाहीत. "तिनं मराठीत सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी मराठीतच सांगते, मग हिंदीत सांगते. ती म्हणाली, ताई, हा मला ओढत गच्चीवर नेऊन राहिला. फोन ठेवू नको." ती न्यायाधीशांकडे वळली. "मी नाही ठेवला साहेब. माझ्याकडून नाही ठेवला."

आल्हादच्या वकिलाला उलटतपासणीसाठी पुढची तारीख मिळाली. म्हणजे अजून एक फेरी. उलटतपासणी होईपर्यंत साक्ष अर्धीच, आणि तोवर साक्षीदार मेला तर आल्हादचं फावणार. हे आल्हादला कळत होतं, वकिलांना कळत होतं, आणि बाकावर टोपी हातात घेऊन बसलेल्या भय्यासाहेबांनाही कळत होतं. विनता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिनं त्यांची टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. रिक्षातून दोघं घरी आले.

दुसऱ्या दिवशी डबे भरून ती स्कूटरपाशी आली, तर भय्यासाहेब दारात. कोट, टोपी, पायांत बूट.

"कुठं निघाले?"

"तुझ्यासंगं."

"बाबा, वेडे झाले काय? या वयात डबे वाटायला?"

"डबे मांडीवर धरतो. तुला पिशव्या लटकवायची झंझट नको," ते म्हणाले आणि तिनं काही बोलायच्या आत मागच्या सीटवर चढायची खटपट करू लागले. एक पाय वर जाईना. शेवटी तिनंच आधार देऊन चढवलं. रिक्षाचे पैसे वाचतील, हवा लागेल, असं काहीबाही ते बडबडत राहिले. चार घरं झाली, पाच झाली. प्रत्येक घरी ती उतरायची, ते मात्र सीट सोडायचे नाहीत.

मदनमहलच्या वळणाआधी मागून तो आवाज आला. फटफट. हाताच्या अंतरावर. विनतानं आरशात पाहिलं. "बाबा, उतरा," ती म्हणाली. "मी गाडी बाजूला घेते, तुम्ही उतरा."

तिला मागून एवढंच जाणवलं, की भय्यासाहेब सरळ झाले. कोटाची बटणं त्यांनी सोडली, दोन्ही कोपरं फाकवली आणि कोट दोन्हीकडे जमेल तेवढा पसरून धरला. आणि तेव्हा तिला कळलं, की हा माणूस डब्यांसाठी आलाच नव्हता. येणारा नेहमी मागून येतो, म्हणून म्हातारा मागे बसला होता. त्यांची पाठ तिच्या पाठीच्या निम्मीही नव्हती. कोट पसरूनही तिची पाठ पुरती झाकली जात नव्हती.

"बाबा, उतरा हो," ती रडत म्हणाली. गाडी डगमगली.

"समोर पाह्य," भय्यासाहेब म्हणाले. "मागं मी आहो. तू गाडी चालव."